वर्षभराचा बांध

अंजनेरीच्या मागं एक टेपाड आहे, नकाशात नाव नसलेलं.
त्याचा डावा उतार कारवीनं भरला सोळा साली,
उजवा सतरा साली.
मधे एक ओहळ, शाळकरी पोर
दप्तरासकट उडी मारून ओलांडेल एवढाच.

दोन्हीकडची पानं दाबून ठेवलीयत मी
कॉलेजच्या कपाटात, पिवळ्या पडलेल्या कागदांत.
पान तसंच, पेर तसंच,
फुलाचा जांभळा इतका तोच
की चिठ्ठी गळून पडली तर मीही फसेन.

सोमीबाई बेंडकोळी फसत नाहीत.
डावीकडची काडी तडतडते चुलीत,
उजवीकडची कुडाला बरी, वाकते पण मोडत नाही.
"एका आईचीच ही," म्हणतात, "आता भाऊबंद झाल्यात."

भावाभावांत बांध असतो मातीचा,
दरसाल वीतभर इकडे, वीतभर तिकडे कोरला जाणारा.
इथं बांध आहे एका वर्षाचा.
तो कुणाला कोरता येत नाही.

कसं झालं असेल?
मला वाटतं, कधीतरी मूठभर बी
दरडीखाली एक वर्ष जास्त निजलं.
उठलं तेव्हा बाकीची गुडघाभर झाली होती.
मग मोजली त्यानंही इमानानं सातच वर्षं,
पण आकडा सुरू केला उशिरा,
आणि फुललं तेव्हा
वरात निघून गेली होती.
आग्यामाश्या दुसऱ्या डोंगरावर,
थोरल्यांची खोडं वाळलेली,
बोंडं तड् तड् फुटून रिकामी.
उरली होती एकमेकांपुरती वीस-पंचवीस झुडपं.
त्यांनी एकमेकांतच भागवलं.

सोळा सालचा पराग सतरा सालापर्यंत टिकत नाही.
टपाल नाही, मध्यस्थ नाही, भांडणसुद्धा नाही.
अंतरपाट धरलेलाच राहिला
आणि दोन्हीकडचे भटजी आपापल्या मुहूर्तावर
मंगलाष्टकं म्हणून घरी गेले.
असं सात वर्षांनी, पुन्हा सात वर्षांनी,
शेकडो वेळा.
काडीचा वाक आधी बदलला असेल,
मग मधाची चव, मग आत कुठंतरी
माझ्या भिंगाला न दिसणारं काही.
वेगळं व्हायला समुद्र आडवा यावा लागतो, असं शिकवायचे आम्हाला.
एक चुकलेलं वर्षही पुरत असावं.

(घरी, अंबडला, निवृत्तीची तिसरी पाळी.
मी निघते तेव्हा तो बूट काढत असतो.
अकरा वर्षांत आमच्या ओट्यावर
चहाच्या दोन जाती झाल्या:
त्याचा कोरा, आल्याचा;
माझा दुधाचा, वेलदोड्याचा.
एकमेकांचा आता घशाखाली उतरत नाही.
रविवारी आम्ही कॉफी पितो.)

तेवीस साली डावा उतार फुलला, ठरल्याप्रमाणे.
फक्त एक झुडूप नाही.
ओहळाच्या काठावरचं, शेळीनं खाल्लेलं,
पुन्हा फुटलेलं, बुटकं.
ते यंदा फुललं. चोवीस साली.
उजव्या उताराबरोबर, डाव्या उतारावर, एकटं.

मी तासभर बसून होते.
एक सातेरी आली, बारकी,
तिच्या अंगावर राखी भुकटी.
बुटक्यावर बसली, आत शिरली, बाहेर आली,
आणि ओहळ ओलांडून सरळ
पलीकडच्या हजारो फुलांत गेली.
तिला कसला बांध!

बी धरेल की नाही, माहीत नाही.
धरलं तर घर अजून एकच आहे,
फक्त जेवायच्या वेळा वेगळ्या.
नाही धरलं, तर दार कधीच लागलंय
आणि आम्ही उगाच कडी वाजवतोय.
त्यातही एक मधलं असतं, बी धरतं पण रुजत नाही.
ते मला सगळ्यात जास्त छळतं.

मी पिशवीतून लाल दोरा काढला, खुणेसाठी.
वहीत दोन रकाने होते, तिसरा आखला,
वर काय लिहावं म्हणून पेन चावत राहिले.
सोमीबाई मोळी आवळत होत्या.
वर न बघता म्हणाल्या,
"राहू द्या, बाई.
उशिरा आलेल्याला
नावं ठेवू नयेत."